चार मुठींचा पियानो

मी माजरीच्या खाणीवर सुतार. साहेबाच्या बंगल्यातल्या पियानोचं झाकण वाळवीनं खाल्लं, म्हणून त्रेपन साली मले बोलावलं. काम आठ दिवसाचं. मी दोन महिने लावले, कारण मडम मले वाजवाले शिकवून राह्यली होती.

तिची युक्ती सोपी. डाव्या हाताच्या चार मुठी. एक मूठ म्हणजे तीन पट्ट्या एका दमात दाबाच्या. पयली, दुसरी, तिसरी, चौथी, फिरून पयली. वरून उजव्या हातानं कोणतंबी गाणं घाला, बसते. मी भुलाबाईचं गाणं घातलं, बसलं. आरती घातली, बसली. मिठाच्या फेरीवाल्याची हाक घातली, तेबी बसली! मनात म्हटलं, लोकं उगाच बारा-बारा वर्सं उस्तादाचे पाय दाबतात.

पण कोणती मूठ कुठी, हे ध्यानात राहेच ना. मग मी पट्ट्यांवर ठिपके लावले. पयल्या मुठीले हळद, दुसरीले कुंकू, तिसरीले बुक्का, चौथीले कपड्याची नीळ. एखाद्या पट्टीवर तर तीन-तीन ठिपके.

माही बायको गुणाबाई त्याच बंगल्यात झाडलोट करे. फडकं हातात घेऊन ती पाहत उभी राहे.

"मी दाबू का एकखेप?" तिनं इचारलं होतं.

"हे भांडे घासाचं काम नोहे," मी म्हटलं.

मग साहेबाचं विलायतले जाणं ठरलं. मडमनं सांगतलं, खंडेनवमीले दुपारी तुमच्यातल्या कोणीबी एक गाणं धड वाजवा, पियानो मजुरांच्या शाळेले देऊन जाईन. नाई तर नागपूरले पाठवीन. मी साऱ्या चाळीत सांगून टाकलं, पियानो आलाच समजा.

नवमीच्या सकाळी मी कारखान्यात रंध्याची, करवतीची पूजा कराले गेलो. दुपारी धुतला सदरा घालून बंगल्यावर आलो. साहेब, मडम, नईम फिटर, शाळेचे मास्तर, सारे बसले होते. मी झाकण उघडलं.

प्रत्येक पट्टीवर हळद. प्रत्येक पट्टीवर कुंकू. वरून अक्षता. काळ्या पट्ट्यांवर झेंडूचं एक-एक फूल.

"पूजा केली मी," गुणाबाई दारातून खुशीनं बोलली. "आज हत्याराची पूजा असते ना? आंधी साऱ्या पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसल्या. लय डाग पडले होते."

नारळाचं पाणीबी शिंपडलं होतं तिनं. मी अंदाजानं मूठ दाबली. तीन पट्ट्या खाली गेल्या, त्यातली एकच वर आली. दुसऱ्या मुठीले साहेबाचं कुत्रं उठून बाहेर गेलं.

"लटारूभाऊ," नईम म्हणे, "गाना हय का खानीचा भोंगा?"

सारे हासले. मडमबी हासली. मंग मी पियानो सोडून गुणाबाईकडं वळलो. साऱ्यांसमोर तिले अडाणी म्हटलं, तिच्या माहेराचं नाव काढलं, काय काय बोललो. ती खाली मान घालून पट्ट्यांच्या फटीतून अक्षता वेचत, ओल पुसत बसली.

दुसऱ्या दिशी साहेब-मडम सकाळच्याच गाडीनं गेले. पियानो बैलगाडीवर चढला. गाडीवान बिडी प्यायले बसला, मी दोर आणाले मागं गेलो. तेवढ्यात आवाज आला. पयली मूठ. दुसरी. तिसरी. चौथी. फिरून पयली. वरून भुलाबाईचं गाणं, एकबी पट्टी न चुकता.

मी पळत आलो. गुणाबाई गाडीच्या चाकावर पाय देऊन उभी.

"अवं, तुले येत होतं?"

"ठिपके कशाले पाह्यजे? झाडता झाडता दाबून पाहत होती मी. कानाले कळते ना."

"मंग काल काऊन नाई वाजवलं? कोणीबी वाजवा म्हणली होती ना मडम!"

"काल तुमी बोलून राह्यले होते," ती म्हणाली, अन् खाली उतरली.

मी गाडीवानाले थांब म्हटलं. त्यानं मले नागपूरची चिठ्ठी दाखवली अन् बैलं हाकलली.

चाळीत कोणी इचारलं, तर मी आजबी सांगतो, गोऱ्यांचा काय भरोसा, बोलले अन् फिरले. गुणाबाई तिथंच असते. ती मले खोटं पाडत नाई.