चौथ्या माणसाची जागा

११ मार्च. सकाळपासून मळभ, वारा अजिबात नाही.

जिथे अजून कुणी पोहोचलेलं नाही अशा जागांची चित्रं आमच्या विभागात काढली जातात, आणि ती काढणारे आम्ही दोघंच : मी आणि माझी धाकटी बहीण. मी सूर्याचा कोन मोजतो, तक्ते वाचतो, प्रत्येक दगडाची सावली पट्टी लावून आखतो. ती माझ्या तक्त्यांवर एकदा नजर टाकते, सफरचंद खात खिडकीबाहेर बघत बसते आणि दुपारपर्यंत चित्र संपवून मोकळी होते. हे काम तिला मीच शिकवलं. यानांनी पाठवलेले फोटो गेल्या तीन वर्षांत सहा वेळा तिच्या चित्रांशी जुळले, माझ्या चित्रांशी एकदाही नाही. साहेब याला योगायोग म्हणतात, पण म्हणताना तिच्याच टेबलापाशी उभे असतात.

दर्शनी दालनाची भिंत आता आमच्यातल्या एकालाच रंगवायला मिळणार आहे. त्या दूरच्या चंद्राकडे निघालेलं यान जूनमध्ये पोहोचेल. त्याचा फोटो ज्याच्या चित्राच्या जास्त जवळ, भिंत त्याची. अठ्ठावीस वर्षं मी त्या कोऱ्या भिंतीसमोरून कामावर जातो आहे.

"दादा, दाढ दुखतेय का? चेहरा बघ जरा आरशात."

"तू तुझं काम कर."

"ते झालं. जेवायला चालले मी."

ती गेल्यावर मी तिच्या चित्राच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा एक दगड काढला आणि त्याची सावली मुद्दाम सूर्याच्याच दिशेला पाडली. अशी चूक कालचा शिकाऊसुद्धा करणार नाही. तिने परत येऊन चित्राकडे बराच वेळ पाहिलं आणि खाली सही केली.

२ जून. कडक ऊन.

फोटो आला. डाव्या कोपऱ्यात दगड आहे. सावली सूर्याच्या दिशेला आहे. शास्त्रज्ञ दिवसभर त्या सावलीभोवती डोकं धरून बसले होते. मी पट्टी लावून पाहिली. केसाचाही फरक नाही.

भिंत तिला मिळाली. जिन्यात ती हळूच म्हणाली, "दगड झकास होता हं."

"कुठला दगड?"

"अरे जा! तुझा हात मला ओळखू येत नाही होय?"

माझा खोडसाळपणाही तिच्याच नावावर जमा झाला होता.

२० सप्टेंबर. थोडा पाऊस, मग उघाड.

भिंतीवर तोच चंद्र आहे आणि कामगिरी आटोपून यानाकडे परत चाललेली माणसं. महिनाभराने चौघे अंतराळवीर तिकडे निघणार आहेत, म्हणून चित्रातही चौघे हवेत. तिचे तिघे झाले आहेत. चौथ्याच्या जागी फक्त खडूची खूण आहे.

"हा तू काढ, दादा. पाच दिवस झाले, माझ्या हातून रंगच बसत नाहीये."

"खाली नाव कुणाचं?"

"भिंत माझी आहे ना?"

"मग माणूसही तुझाच काढ."

तिचं हसू मावळलं. "दगडाचं लक्षात आहे ना तुझ्या?"

लक्षात होतं. चांगलं लक्षात होतं. मी कुंचला धुतला, फडक्याने कोरडा केला आणि डबीत ठेवून झाकण लावलं.

२८ सप्टेंबर. ढगाळ.

अनावरण झालं. टाळ्या थांबता थांबेनात. खडूची खूण तिने ओल्या कापडाने पुसली होती, आणि माणसं कुणी मोजली नाहीत. जाणारे चौघेही आले होते. त्यातल्या सर्वांत तरुणाने भिंतीजवळ जाऊन हसत विचारलं, "यातला मी कोणता?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी चष्मा पुसत राहिलो.

६ फेब्रुवारी, दोन वर्षांनंतर. आकाश स्वच्छ, थंडी.

यान सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी उतरलं. चौघे गेले होते. तिघे परत आले.