मेला उंदीर

एका ऑनलाइन खेळाच्या नादापायी, रागाच्या भरात मी मुलीचा कम्प्युटर फोडला. दोन वर्षं झाली, ती माझा फोन उचलत नाही. त्याच खेळात ती नवख्यांना शिकवते, असं तिच्या मैत्रिणीकडून कळलं. म्हणून मी, शिंपीणबाई, तलवार घेऊन आत शिरले. सुईत एका झटक्यात दोरा ओवणारी मी, पण पहिल्याच मेल्या उंदरानं मला अकरा वेळा लोळवलं!

बाराव्यांदा एकीनं त्याला बाण मारला. तिच्या डोक्यावर माझ्या मुलीचं टोपणनाव झळकत होतं. “घाबरू नका, मी शिकवते,” असं लिहून ती शेकोटीपाशी वाकून बसली. माझ्या बोटांना राहवेल तर ना! त्यांनी लिहिलं, “पोक काढून बसू नकोस.”

“आई?”

एवढं विचारून ती गायब झाली. उंदीर तेवढा परत आला.