थंड उजेड

जपानहून परतलेल्या डॉक्टरांनी नगरच्या इस्पितळात पोटात नळी घालून बघायची नवी दुर्बीण आणली, त्याच हिवाळ्यात मी भागिरथीला, माझ्या बायकोला, राहुरीहून एस.टी.ने तिथं नेलं. तिला अन्न पचत नव्हतं; पोटात गाठ आहे की नाही, एवढंच आम्हाला कळायला हवं होतं. दिवा बाहेरच्या पेटीत असतो, काचेच्या केसासारख्या तंतूंमधून त्याचा उजेड तेवढा आत जातो, तो थंड असतो, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. काळे पडदे ओढले. नळी आत गेली, तसा तिच्या बरगडीखाली कातडीतून तांबूस ठिपका उमटला. नळीचं टोक कुठं पोचलं हे ते त्यावरून ओळखत.

जठर स्वच्छ होतं. नळी निघाली, पेटी बंद झाली. ठिपका राहिला, फक्त चार बोटं खाली. मी तसं सांगितलं. उजेड डोळ्यांत थोडा वेळ रेंगाळतो, असं म्हणून डॉक्टरांनी पडदा सरकवला. उन्हात मग काही दिसेना.

घरी, माजघराची खिडकी बंदच असायची, तिथं भरदुपारी अंधार असायचा. तिथं डाळ निवडता निवडता भागिरथीनं पदर बाजूला केला; ठिपका तसाच होता.

"आवो, त्यांचा उजेड आतच ऱ्हायला की. आता रॉकेल वाचंल तुमचं."

आम्ही पुन्हा नगरला गेलो. डॉक्टरांनी पडदे ओढून बराच वेळ पाहिलं, पण त्यांना काही दिसलं नाही. तुम्ही दाखवता तिथवर नळी जात नाही, आणि नवऱ्याला दिसतं एवढ्यावर पोट उघडता येत नाही, असं ते सौम्यपणे म्हणाले. होळीच्या आत ती गेली.

ती गेली त्या जागी, माजघरात, मालनवहिनींनी रीतीप्रमाणे पीठ पसरलं, त्यावर पणती ठेवली, वर टोपली पालथी घातली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं ते सकाळी पिठावर उमटतं म्हणतात. टोपलीच्या विणीतून उजेड झिरपत होता, तोवर मी जागा होतो.

सकाळी वहिनींनी टोपली उचलली. पिठावर काही नव्हतं.

"भावजी, वात तर कोरीच हाय," त्या ओशाळून म्हणाल्या. "गडबडीत लावायचीच ऱ्हायली."

त्यांनी पणती बाजूला ठेवून पीठ सुपात भरलं. खालची सारवलेली जमीन हाताएवढ्या जागी आतून उजळल्यासारखी तांबूस दिसत होती. वहिनींचं लक्ष जायच्या आत मी उठून खिडकी उघडली.