सदतिसावा फोटो

पुष्पाकाकूंचा फोटो निघाला. चांगला निघाला. डोळे उघडे, पदर जागेवर, मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकादशीसुद्धा वाचता येते. आता हे तुम्ही वाचलंच नाही असं धरून चला, कारण असा कोणताही फोटो निघालेला नाही. मी फक्त कॅमेरा कसा घेतला तेवढं सांगणार आहे.

काकूंचे यजमान तातेराव जाफराबादला फोटो स्टुडिओ चालवायचे. दहावीच्या गणितानं मला नको म्हटल्यावर मी त्यांच्याकडे दोन वर्षं काम शिकलो. नातं काहीच नव्हतं. पण मी त्यांना काका म्हणायचो, आणि जेवायची वेळ झाली की ताटं आपोआप तीन व्हायची. अठ्ठ्याण्णवच्या पावसाळ्यात काका गेले. दुपारच्या चहाला बसले ते उठलेच नाहीत. भावकीतल्या रामरावांनी ठरवलं की माणसाबरोबर त्याची आवडती वस्तू गेली पाहिजे. कुणाची पानाची चंची जाते, कुणाची काठी. काकांबरोबर त्यांचा कॅमेरा चितेवर गेला. आत रोल होता की नव्हता, कुणी पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडताना एक दातेरी चाक हाती लागलं. रामराव म्हणाले, "हाडच समजा." तेही पूर्णा नदीत गेलं.

लेन्स तेवढी वाचली. दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून झड लागली की काका लेन्स फिरवून काढायचे आणि तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायचे. तेराव्याचा भात टाकताना ती काकूंच्या ओंजळीत आली. रशियन, मुठीत मावणारी, मुठीपेक्षा जड. तिच्यातून काढलेला कुठलाही माणूस नुकताच अंघोळ करून आल्यासारखा दिसायचा. काकूंनी ती पदरानं पुसून मला दिली.

"मुंडकं वाचलं," त्या म्हणाल्या. "आता हिला धड बघ एखादं. आन् सदतिसावा निघतो का, ते आधी बघ."

सदतिसाव्याचं असं होतं. रोल छत्तीस फोटोंचा असतो, पण भरताना फिल्म वाया घालवली नाही तर शेपटाला एक फोटो जास्तीचा निघतो. काकांचा नियम होता : छत्तीस गिऱ्हाइकांचे, सदतिसावा काकूंचा. चोवीस वर्षं हा नियम कडक पाळला गेला आणि चोवीस वर्षं नेमकं सदतिसाव्याला कुणीतरी दारात उभं राहायचं. बोर्डाच्या फॉर्मला फोटो चिकटवायची शेवटची तारीख असलेला पोरगा. सौदीला निघालेला गवंडी. एकदा तर विमा उतरवायचा बैल. काका काकूंकडे बघायचे, काकू म्हणायच्या, "काढा त्याचा, बैल ताटकळला." त्यामुळे काकूंचा फोटो एकच, लग्नातला, आणि त्यात मुंडावळ्या फार सुंदर आल्या आहेत. बाकी काही आलेलं नाही.

मी तोवर जालन्यात नोकरीला लागलो होतो. नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचं काम. ओल्या कागदावर शंभर बिया मांडायच्या, आठवड्यानं किती उगवल्या ते मोजायचं. ज्या उगवत नाहीत त्यांच्याशी मी थोडं बोलायचो; बाकी दिवसभर बोलायला कुणी नसायचं. राहायला जुन्या जालन्यात उषाबाईंच्या माडीवर एक खोली. उषाबाई पहिल्या तारखेला माझ्याशी एक वाक्य बोलायच्या. तेही दर महिन्याला तेच.

स्टेशनजवळ कचरूभाऊंचं दुकान होतं. घड्याळ, रेडिओ आणि कॅमेरा दुरुस्ती. मी लेन्स दाखवली. त्यांनी ती फुंकली, उजेडाला धरली आणि बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यातून तीन कॅमेरे बाहेर काढले. या लेन्सचे आटे तिघांनाही बसत होते.

"बघा भुजंगराव," ते म्हणाले. "तीन स्थळं हायेत."

पहिला रशियन. दिसायला राजबिंडा, पण आतल्या कापडी पडद्याला टाचणीएवढं भोक. मालकानं पंच्याण्णवच्या दिवाळीतल्या ग्रहणाचा फोटो काढायला तो सूर्याकडं रोखून धरला होता. लेन्सनं सूर्य गोळा करून पडद्यावर ठेवला. "ग्रहण बराबर आलं," कचरूभाऊ म्हणाले. "त्यानंतर जे काढलं त्या सगळ्यात बी आलं."

दुसराही रशियन, चामडं सोललेला, रंग उडालेला. तिसरा जपानी, गुळगुळीत, दुसऱ्याच्या चौपट भावाचा. तो माझ्या हातात देताना कचरूभाऊ स्वतःचा हात सोडत नव्हते.

म्हणजे उरला दुसरा. मी तो डोळ्याला लावला. या जातीच्या कॅमेऱ्यात लेन्समधून दिसत नाही, वेगळ्या खिडकीतून दिसतं. खिडकीत प्रत्येक माणसाच्या दोन आकृत्या असतात. लेन्सची रिंग फिरवत त्या एकावर एक बसवायच्या. बसल्या की फोकस झाला. मी रिंग फिरवली. दोन कचरूभाऊ जवळ आले, पण एक बोटभर वर राहिला तो राहिलाच.

"हे दोघं एक होत नाहीत," मी म्हणालो.

"आतला एक स्क्रू सरकलाय. पाच मिनिटाचं काम. बसा, करून देतो जल्दी."

इथं मी जे केलं ते नीट सांगता येणार नाही. मी म्हणालो, "राहू द्या. विचार करतो." कॅमेरा तसाच घरी नेऊन बघायला मागितला. कचरूभाऊंनी दिला. त्यांना वाटलं असेल, हा पळून कुठं जाणार. याला कुठं कुणी आहे.

रविवारी मी एसटीनं जाफराबादला गेलो आणि काकूंना सगळं सांगितलं. भोक, चामडं, चौपट भाव. काकूंनी मन लावून ऐकलं, भाकरी थापत.

"पोरगी बघून राह्यला का कॅमेरा बघून राह्यला?"

"कॅमेरा."

"मंग एवढं कामून लाजतो? सदतिसावा निघतो का त्यात?"

"अजून बघितलं नाही."

"मंग बघ अन् पुढल्या ऐतवारी सांग. वाढू का अजून?"

त्या एका प्रश्नावर माझे अडीच महिने निघाले. एका रविवारी सांगितलं, पहिल्या कॅमेऱ्यात पस्तीसच निघाले; तो तर कचरूभाऊंच्या डब्यातच होता. दुसऱ्या रविवारी सांगितलं, दुसऱ्याची मोजदाद चुकली. तारीख उलटून मेलेला एक रोल घेऊन मी रजईत शिरायचो, अंधारात तो भरायचो, बाहेर येऊन खटक खटक मोजायचो आणि मुद्दाम मध्येच मोजणं विसरायचो. शंभर बिया रोज बिनचूक मोजणारा माणूस छत्तीसपर्यंत पोचू शकत नव्हता. जपानी कॅमेऱ्यावर तर मी दोन पूर्ण रविवार काढले, आणि तो घ्यायचा नव्हताच.

दरम्यान दुसरा कॅमेरा माझ्या खोलीत होता. संध्याकाळी मी तो डोळ्याला लावून बसायचो. त्यातून दोन खाटा दिसायच्या, दोन तांबे, खुंटीवर दोन सदरे. आरशासमोर उभा राहिलो तर आम्ही दोघं असायचो. वरचा जरा उंच होता. त्याच्याशी माझं चांगलं जमलं. तोही दिवसभर बिया मोजून आलेला असायचा. उषाबाई एकदा जिन्यावरून म्हणाल्या, "कोणी आलंय का? भाडं एकाचं ठरलंय." महिन्यातलं त्यांचं ते दुसरं वाक्य.

शेवटी कचरूभाऊ कंटाळले. "भुजंगराव, स्क्रू एक हाये. किती ऐतवार फिरवायचा?" त्यांनी माझ्या हातातून कॅमेरा काढून घेतला, समोरची टिकली उघडली आणि सुईसारखा पेचकस आत घातला. पाच मिनिटं म्हणाले होते, तीनच लागली. मी खिडकीतून बघितलं. दोन कचरूभाऊ जवळ आले, एकमेकांत शिरले आणि एकच उरला.

"झालं?"

"झालं," मी म्हणालो आणि पैसे दिले. रोलही घेतला, खरा.

सदतिसाव्यापर्यंत जायचं तर आधी छत्तीस काढणं आलं. नुसती बटणं दाबून चालणार नव्हतं. छत्तीस माणसांचे, हा नियम. मी कागद घेऊन जालन्यातल्या माझ्या ओळखीच्या माणसांची यादी केली. अकरा झाली. त्यात एक पोस्टमन होता, जो माझ्याकडे कधी आला नव्हता. कचरूभाऊंचे तीन काढले, उषाबाईंचे दोन. दुसऱ्यात त्या पहिल्यापेक्षा चिडलेल्या आहेत. मग धान्याच्या आडतीवरच्या हमालांना विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं. "कशाला पाहिजे?" एक जण म्हणाला. मी म्हणालो, "नंबर लागत नाहीये." त्याला ते पटलं. पानवाल्यानं फोटोआधी केस विंचरले आणि मला एक पान फुकट दिलं. तो आता मला ओळखतो. मी पान खात नाही, पण रोज घेतो.

छत्तिसावा एसटीच्या कंडक्टरचा, भोकरदनच्या स्टँडवर.

काकूंनी त्या दिवशी धुवट लुगडं नेसलं होतं. उंबऱ्यात पाट टाकून बसल्या. मी रोल पुढं सरकवायची चावी फिरवली. अडेल असं वाटलं. खरं म्हणजे अडावी असंही वाटलं. अडली नाही. सदतिसावा आला. खिडकीत दोन काकू होत्या. मी गल्लीत डोकावून बघितलं, कुणी येतंय का. निदान एखादा बैल. गल्लीत कुणी नव्हतं.

"कुणी न्हाई येत," काकू म्हणाल्या. "काढ."

मी दोन काकूंची एक काकू केली आणि बटण दाबलं.

पुढच्या रविवारी फोटो घेऊन गेलो. काकूंनी तो दोन्ही हातांनी धरला, लांब धरला, मग डोळ्यांशी आणला. किती वेळ गेला कोण जाणे, चुलीवरचं दूध उतू गेलं आणि आम्हा दोघांनाही कळलं नाही.

"लेन्स तीच हाये," त्या म्हणाल्या. "वळखली मी."

"मग?"

"हे तोंड तुला दाखवायचं हाये, भुजंगा. जेवला का, म्हणून इचारते ना, तव्हाचं." त्यांनी फोटोवरून अंगठा फिरवला. "त्यांच्याकडं बघायचं तोंड येगळं होतं. ते यात न्हाई आलं."

काढणारा मी होतो, त्याला लेन्स काय करणार?

"मंग असं कर," काकू म्हणाल्या. "ह्यो फोटो निघालाच न्हाई, असं समज. पुन्हा छत्तीस माणसं धुंडाळ, पुन्हा ये. घाई न्हाई. मीठ बघ रे भाजीत." आणि मी पाठ फिरवली तशी त्यांनी तांदळाच्या डब्याचं झाकण उघडलं, आत काहीतरी पुरलं आणि झाकण गच्च लावलं.

भाजीत मीठ बरोबर होतं. मी थोडं कमी आहे म्हणालो.

सोमवारी कंपनीच्या कोऱ्या कागदावर मी पुढील अर्ज लिहिला. तो कुठं द्यायचा याची चौकशी चालू आहे. तीन कार्यालयांत हे आमच्याकडे येत नाही असं सांगण्यात आलं.

प्रति,
मा. सक्षम अधिकारी,
(खाते जे असेल ते)

विषय : कै. तातेराव, व्यवसाय फोटोग्राफर, राहणार पूर्वी जाफराबाद, यांना एक दिवसाची किरकोळ रजा मिळणेबाबत.

महोदय,
वरील इसम आपल्या ताब्यात गेल्यापासून त्यांनी एकही रजा घेतलेली नाही, तरी ती शिल्लक असावी. त्यांचे एक काम चोवीस वर्षांपासून प्रलंबित असून ते दुसऱ्या इसमाकडून करून पाहिले असता जमले नाही. कॅमेरा, लेन्स व छत्तीस फोटो झालेला रोल अर्जदार तयार ठेवील. काम एका फोटोचे आहे. जाण्यायेण्याचा एसटीचा खर्च अर्जदार सोसेल. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बैल वगैरे अडवण्याची जबाबदारीही अर्जदाराची राहील.

सदर रजा सोमवार ते शनिवारपैकी कोणत्याही दिवशी मंजूर व्हावी. रविवारी देऊ नये, रविवारी तेथे अर्जदार असतो.