गुडघा कोणी टेकायचा

चौकातल्या कट्ट्यावर बसलेल्या एर्कोलानोने न्यायदंड उचलला, गल्लीच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो पुन्हा मांडीवर ठेवला. खाली ओंडक्यापाशी उभा असलेला जल्लाद आता उघड कंटाळला होता. त्याने कोयता फडक्याने पुसायला घेतला. तो पुसून कधीच झाला होता.

ओंडक्याला निकोलोसाचा उजवा हात बांधला होता. ती विधवा, पावाची भट्टी चालवणारी. धान्य महागल्यापासून कमी वजनाचे पाव विकत होती आणि दुसऱ्यांदा पकडली गेली होती. मोंतेरुस्को गावच्या कायद्यात दुसऱ्या वेळेला हात जातो. निकाल एर्कोलानोने दिला, कारण निकाल द्यायलाच त्याला गुब्बिओहून आणलं होतं. न्यायाधीश परगावचा हवा, सहा महिन्यांपुरता हवा, गावात त्याचं कोणी सोयरंधायरं नको, कोणाच्या घरी त्याने जेवायचं नाही, असा इथला जुना दंडक. गावच्याच माणसाने हात तोडला तर सूड पिढ्यान्‌पिढ्या चालतो. परक्याने तोडला तर तो शिव्या खाऊन निघून जातो.

शिव्या एर्कोलानो रोज खात होता. हात मात्र आजवर एकही तुटला नव्हता, आणि तुटावा असं त्याला कधी वाटलंही नव्हतं. पण ज्या तऱ्हेने दर वेळी हात वाचायचा, ती तऱ्हा त्याला सहन होत नव्हती.

न्यायाधीशाला स्वतःहून माफी देण्याचा अधिकार नव्हता. गावच्या एखाद्या नागरिकाने भर चौकात गुडघा टेकून दया मागितली, तरच ती देता यायची. आणि दर वेळी ऐन क्षणाला गल्लीतून ताद्देओ यायचा. लोकरीच्या कापडाचा व्यापारी, डोक्यावर साधी टोपी, बाह्यांना दुकानातले धागे चिकटलेले. यायचा, चिखलात गुडघा टेकायचा, डोळ्यांत पाणी आणायचा. त्याच्या नावाने चौक दणाणायचा, आणि घरी परतताना कोणीतरी एर्कोलानोच्या झग्यावर थुंकायचं. गंमत अशी, की हे कडक कायदे करणाऱ्या नगरसभेत निम्मी माणसं ताद्देओची होती. कोणी त्याचा मेहुणा, कोणी भागीदार, कोणी त्याच्याकडून लग्नात मदत घेतलेला. त्याच्या स्वतःकडे कसलंही पद नव्हतं. करून सवरून नामानिराळं कसं राहावं, ते या माणसाकडून शिकावं.

बोलोन्याला कायदा शिकताना एर्कोलानोने राज्य कसं मिळवावं आणि कसं राखावं यावर ढीगभर वाचलं होतं. त्या पोथ्यांत राजे होते, जुलमी सरदार होते, गडकोट आणि फौजा होत्या. टोपीतल्या कापडवाल्याबद्दल कुठेच एक ओळ नव्हती. म्हणून परवा नगरसभेत त्याचा तोल सुटला होता.

"या वेळी माझ्या चौकात नाटक नको," तो म्हणाला होता.

"जशी आज्ञा, मेस्सेर," ताद्देओचा मेहुणा मान लववून म्हणाला होता.

आणि आज ताद्देओ आलाच नव्हता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मेस्सेर," शेजारी बसलेला त्याचा म्हातारा कारकून नुच्चो हळूच म्हणाला, "दुपारची घंटा व्हायच्या आत शिक्षा झाली पाहिजे. नाहीतर गुन्हा आपल्यावर येतो."

"माहीत आहे मला."

तो उठून कट्ट्याच्या कडेला आला. पहिल्याच रांगेत निकोलोसाचा भाऊ सान्ती उभा होता. जोडे शिवणारा, चांगला धट्टाकट्टा माणूस.

"तू भाऊ ना हिचा? मग टेक गुडघा. आत्ता सुटेल ती."

सान्तीने टोपी काढून हातात चुरगळली.

"टेकला असता, मेस्सेर. पण ताद्देओ यायचेत. त्यांच्या आधी मी पुढे झालो तर ते कसं दिसेल?"

"बहिणीचा हात धड दिसेल, आणखी काय दिसायचंय?"

"तुमचं बरंय, मेस्सेर. तुम्ही थंडीच्या आत गुब्बिओला जाल. मला इथेच राहायचंय."

एर्कोलानोने बाकीच्यांकडे पाहिलं. लोहार होता, औषधवाला होता, देवळाचा घंटेवाला होता. तो ज्याच्याकडे पाही, तो आपल्या जोड्यांकडे पाही.

"तोडायची हौस बघा मेल्याला," मागून एक बाई म्हणाली. "जरा धीर म्हणून नाही."

तेवढ्यात निकोलोसाने मान वर केली. ओठ पांढरे पडले होते, पण बोलली ती समजावणीच्या सुरात.

"थांबा ना थोडं, मेस्सेर. येतील ते. नेहमी येतात."

एर्कोलानो कट्ट्यावरून खाली उतरला. न्यायदान चालू असताना न्यायाधीशाने जागा सोडल्याचं गावात कोणी पाहिलं नव्हतं. लोक बाजूला झाले आणि मग अंतर राखून त्याच्या मागे गल्ली चढू लागले.

दुकानात ताद्देओ एका बाईला निळं कापड मोजून देत होता.

"या, या, मेस्सेर. एवढं माप होऊ द्या हं."

एर्कोलानो उभा राहिला. कापड मोजून झालं, कापून झालं, घडी झाली.

"ती बाई ओंडक्याला बांधलेली आहे," तो म्हणाला.

"फार वाईट झालं. पाव काय सुरेख करते."

"मग आला का नाहीत?"

"तुम्हीच नको म्हणालात ना. न्यायाधीशाचा शब्द मोडणारा मी कोण? माझ्याकडे ना शिक्का, ना शिपाई."

"अख्खं गाव जमलंय चौकात. एकाचा गुडघा वाकत नाही. काय केलंय तुम्ही या लोकांचं?"

ताद्देओ खरोखरच विचारात पडला.

"मी? काही नाही हो. कोणाचं काही अडलं तर हातभार लावतो, आणि मग विसरून जातो. ते विसरत नाहीत." त्याने मापाचा गज भिंतीला टेकवला. "तुम्ही शिकलेले, म्हणून बोलतो. धाक आणि माया एका घरात नांदत नाहीत. म्हणून धाक आम्ही बाहेरून आणतो, पगार देऊन. तुम्ही तुमचं काम उत्तम करता. चिडता कशाला?"

एर्कोलानोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. न्यायदंड समोरच्या टेबलावर आपटावा आणि तसाच गुब्बिओचा रस्ता धरावा, असं त्याला फार वाटलं. पण तो गेला तरी कोयता तिथेच होता, आणि घंटेवाला देवळाकडे निघालेला त्याने येताना पाहिला होता.

"चला," तो म्हणाला.

"मी? कशासाठी?"

दार माणसांनी भरून गेलं होतं. निळं कापड घेतलेली बाईसुद्धा गेली नव्हती.

"तिच्यासाठी," एर्कोलानो म्हणाला. ताद्देओ तसाच उभा राहिला, चेहरा प्रेमळ, हात कापडाच्या गठ्ठ्यावर. "कृपा करा. आपण आल्याशिवाय माझ्याच्याने काही होत नाही."

मग ताद्देओने टोपी घातली.

घंटेच्या आधी निकोलोसाची दोरी सुटली. तिने ताद्देओचे हात डोळ्यांना लावले, सान्ती रडला, चौक दणाणला. परतताना एर्कोलानोच्या झग्यावर कोणी थुंकलं नाही. उलट दोघा-तिघांनी त्याला वाट करून दिली, आणि ते त्याला थुंकण्याहून जड गेलं.

दुसऱ्या दिवशी न्यायसभेची घंटा झाली तरी बाकं रिकामीच राहिली. नुच्चो बाहेर जाऊन बघून आला.

"कापडाच्या दुकानासमोर रांग लागली आहे," त्याने सांगितलं, आणि उगाच शाईची दौत सरळ केली.

बऱ्याच वेळाने एक शेतकरी दारात दिसला. एर्कोलानो ताठ बसला. नुच्चोने टाक उचलला.

"ये. काय तक्रार आहे?"

"बांधाची आहे, मेस्सेर. शेजाऱ्याने दगड हलवलेत." शेतकरी पुढे आला, पण शपथेसाठी हात वर करायचं त्याने मनावर घेतलं नाही. "ती तिकडे सांगीन मी. पण रांग फार आहे. काल तुम्ही नुसतं बोललात आणि ते उठून आले म्हणे." त्याने आवाज खाली आणला. "माझ्यासाठी एक शब्द टाकाल का त्यांच्याकडे?"