दुधाच्या गंजात लोबान

मी एक जुना गंज आहे. मित्रांनो, गंज म्हटल्यावर तुमच्यापैकी काहींना लोखंडावर चढणारा तांबूस थर आठवेल. तो मी नव्हे. आमच्या वर्धा जिल्ह्यात दूध तापवायच्या उभट भांड्याला गंज म्हणतात. मी पितळेचा आहे, जाड काठाचा, रुंद बुडाचा आणि एका कुशीला जरा चेपलेला.

माझा जन्म भंडाऱ्याचा. तिथल्या कारागिरानं मला ठोकून ठोकून आकार दिला, आतून चांदीसारखी कल्हई केली आणि बोटानं टिचकी मारून माझा आवाज ऐकला. आवाज त्याला पसंत पडला असावा, कारण तो स्वतःशीच हसला. पुढं कौसल्येच्या वडिलांनी मला विकत घेतलं आणि तिच्या लग्नात आहेर म्हणून दिलं. असा मी देवळीला धम्मदीपच्या घरी आलो. धम्मदीप एसटीत कंडक्टर होता.

ते दिवस माझ्या भरभराटीचे होते. कौसल्येनं माझ्यात दूध ठेवलं की ती माझ्यापासून हलत नसे. दूध वर यायच्या बेतात आलं की ती पदरानं माझा काठ धरून मला खाली उतरवी. बुद्धपौर्णिमेला माझ्यात खीर होई आणि अख्ख्या गल्लीत वाट्या जात. त्यांची लेक वर्षाली तेव्हा लहान होती. माझ्या बुडाची खरवड खाण्यासाठी ती जवळजवळ अर्धी माझ्या आत शिरायची. माझ्या कुशीला आलेला चेपा तिच्याच हातचा आहे. मला त्याचा राग नाही.

मग कौसल्या आजारी पडली. दवाखाने झाले, धावपळ झाली, आणि एका उन्हाळ्यात ती गेली.

त्याच धावपळीत आणखी एक गोष्ट घडली. धम्मदीपच्या गाडीवर महादेवराव नावाचे ड्रायव्हर होते. दोघांनी कितीतरी वर्षं एकाच गाडीवर काढली. एकानं घंटी वाजवायची, दुसऱ्यानं गाडी सोडायची. घरी येणं-जाणं, डब्यातली भाजी वाटून घेणं, सगळं होतं. महादेवरावांच्या मुलीचं लग्न नेमकं कौसल्या दवाखान्यात असताना आलं. धम्मदीप गेला नाही, आणि घाईगर्दीत निरोप द्यायचाही राहून गेला. महादेवरावांनी ते मनाला लावून घेतलं. पुढं कौसल्या गेली तेव्हा सगळा डेपो दारात आला. महादेवराव आले नाहीत. तेव्हापासून धम्मदीप एकच वाक्य म्हणायचा, "तो माह्या घरी आला नाई, तं मी त्याच्या घरी काऊन जाऊ?" दोन्ही घरं देवळीतलीच, मधे फक्त बाजारचौक. तरी ते अंतर कोणी तोडलं नाही.

कौसल्येमागं धम्मदीप स्वतः दूध तापवू लागला. दूध ठेवायचा आणि अंगणात जाऊन उभा राहायचा. दूध उतू जायचं, बुडाला लागायचं. मी काळा पडलो. माझी कल्हई उडाली आणि कल्हई करणारा काही गावात फिरकेना. शेवटी स्टीलचं पातेलं आलं आणि मी माळ्यावर गेलो. कोणीतरी माझ्यात खिळे आणि जुने नटबोल्ट टाकले. मित्रांनो, रिकामं राहणं एकवेळ सोसतं. पण ज्याच्यात खीर शिजली त्याच्यात खिळे पडले की फार वाईट वाटतं.

वर्षाली पुण्याहून परत आली तेव्हा माझे दिवस पालटले. तिथं ती सुगंधी तेलं बनवायला आणि त्या तेलांनी मालिश करायला शिकली होती. आता आपल्या गावातच ते काम करायचं तिनं ठरवलं. सोबत लहानमोठ्या बाटल्या, लोबानाचा घट्ट अर्क, सालईच्या डिंकाचं तेल आणि काळ्या, सुरकुतलेल्या व्हॅनिलाच्या शेंगांची एक पुडी होती. धम्मदीपला हे पसंत नव्हतं.

"लोकायचे हातपाय चोयणं, हे काय काम आहे?" तो म्हणाला. "शिकून-सवरून हेच करतं का कोणी?"

"बाबा, तुमीबी लोकायले घरी पोचवतच होते ना?" वर्षाली म्हणाली. "मी थकलेल्यायले जरा आराम देतो. त्यात वाईट काय?"

धम्मदीपला ते पटलं नाही.

पहिल्या दिवशी वर्षालीनं घाई केली. घट्ट झालेला लोबान तिनं स्टीलच्या वाटीत घालून थेट गॅसवर धरला. क्षणात तो करपला आणि घरभर धूर झाला. धम्मदीप खोकत बाहेर पळाला आणि अंगणातून ओरडला, "काय व बाई, डास पळवून राह्यली का?"

वर्षालीला हसू आलं आणि रडूही. लोबानाला थेट आच सोसत नाही, त्याला पाण्याची मऊ ऊब लागते, हे तिला शिकवलेलं होतं. उतावळेपणानं ती विसरली होती. आता पाणी ठेवायला तिला जाड बुडाचं भांडं हवं होतं. ते शोधायला ती माळ्यावर चढली आणि मी तिच्या हाती लागलो. तिनं माझ्यातले खिळे ओतले आणि मला अंगणात नेऊन चिंचेनं, राखेनं घासघासून पिवळाधम्मक केलं. चेप्यावरून हात फिरवताना ती जरा थांबली. तिला तो आठवला असावा.

आता माझ्यात फक्त पाणी असतं. तळाशी दुमडलेलं फडकं आणि त्यावर काचेची बाटली. बाटलीत तिळाचं तेल, आणि त्या तेलात चिरलेल्या व्हॅनिलाच्या शेंगा बरेच दिवस मुरलेल्या. त्यात ती ऊब घेऊन सैल झालेला लोबान घालते, मग सालईच्या तेलाचे मोजके थेंब. नुसती व्हॅनिला फार लाडिक असते. नुसता लोबान फार गंभीर. दोघं एकमेकांत मिसळले की थंडीच्या दिवसात कोणी अंगावर गोधडी टाकावी तसा वास येतो. हे सगळं मंद आचेवर, घाई न करता. मला ते काम मनापासून आवडलं. उतू जायची भीती नाही आणि कोणी माझ्याजवळून हलत नाही.

पहिलं चांगलं तेल जमलं तेव्हा वर्षालीनं बाटली वडिलांच्या नाकाशी धरली. धम्मदीपनं वास घेतला, पुन्हा घेतला आणि काही न बोलता बाहेर निघून गेला. मला वाटलं, त्याला आवडलं नाही.

अशातच एके सकाळी महादेवरावांच्या पत्नी शकुंतलाबाई दारात उभ्या राहिल्या. बचतगटातल्या बायांकडून त्यांनी वर्षालीचं नाव ऐकलं होतं. धम्मदीप खाटेवर बसला होता. त्याच्याकडं न बघता त्या वर्षालीला म्हणाल्या, "बाई, तुह्या काकाले लकवा मारला. उजवा हात मुठीसारखा आखडून गेला. डॉक्टर म्हणते बोटायचा व्यायाम करा. पण हे कोणाले हात लावू देत नाई. बोलणं बी सोडलं. भिताडाकडे तोंड करून पडून राह्यते. तू येतं का?"

"काकू, मी बरं करीन असं म्हणत नाई," वर्षाली म्हणाली. "औषध आन् व्यायाम चालूच ठेवा. पण मी येतो."

तेल गरम करायला मी हवाच होतो. वर्षालीनं मला पिशवीत घातलं, पण स्कूटीवर मला आणि बाटल्यांना एकटीनं सांभाळणं जमेना.

"बाबा, मागं बसून पिशवी धरता का?"

धम्मदीपनं चपला पायांत सरकवल्या. मग उठला. "दारातूनच वापस येईन," तो म्हणाला.

रस्ताभर त्यानं मला पोटाशी धरलं होतं. त्याच्या छातीचे ठोके मला पितळेतून ऐकू येत होते. महादेवरावांच्या दाराशी त्यानं पिशवी वर्षालीच्या हाती दिली. तो आत आला नाही, आणि परतही गेला नाही. बाहेरच्या ओट्यावर बसून राहिला.

आत शकुंतलाबाईंनी मला गॅसवर चढवलं. पाणी कोमट झालं तशी बाटलीतून व्हॅनिला आणि लोबानाची ऊब खोलीत पसरू लागली. महादेवराव भिंतीकडं तोंड करून पडले होते. वर्षालीनं तेलाचा एक थेंब त्यांच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावला, कातडीला त्रास होतो का ते पाहायला. त्यांनी हात ओढून घेतला. पण नाक हललं. त्यांनी हळूहळू मान वळवली. ओठ थरथरले.

"आई... आई..."

शकुंतलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "आई आठवून राह्यली का तुमाले?"

महादेवरावांनी रागानं मान हलवली. सगळं बळ एकवटून ते म्हणाले, "आईस... किरीम!"

वर्षालीला हसू आवरेना. इतक्या दिवसांनी नवऱ्याचा आवाज ऐकून शकुंतलाबाई हसत-रडत मटकन खाली बसल्या. महादेवराव मात्र दाराकडं बघत होते.

"कंडक्टर... खाऊन... गेला."

ओट्यावरून चपलांचा आवाज आला. धम्मदीप उंबऱ्यात उभा होता. "खोटं नको बोलू, डायवर," तो म्हणाला. "दोन-दोन कप तूच खात होता. मी तं चमचाच चाटो."

मग कळलं ते असं. उन्हाळ्यात शेवटची फेरी वर्ध्याला संपली की दोघं स्टँडबाहेर व्हॅनिलाचे कप घेत आणि लाकडी चमच्यानं खात गावी परतायच्या गाडीची वाट बघत. घरी कोणाला सांगत नसत. बाटलीचा वास घेऊन धम्मदीप त्या दिवशी मुकाट बाहेर का गेला, ते मला तेव्हा उमगलं.

महादेवरावांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "मी... नाई... आलो," ते म्हणाले. "वयनी गेली... तवा."

"मी बी नाई आलतो ना पोरीच्या लग्नात," धम्मदीप म्हणाला. "ना साधा निरोप धाडला. सोड आता."

तो खाटेच्या कडेला बसला. महादेवरावांनी आखडलेली मूठ उचलली आणि वर्षालीकडं नाही, धम्मदीपकडं पुढं केली. वर्षालीनं कोमट तेल वडिलांच्या तळव्यावर ओतलं. "दाबू नका, बाबा. नुसता हात फिरवा. मनगटाकडून बोटायकडे." ज्याला मालिश कमीपणाची वाटत होती तो माणूस मान खाली घालून मित्राचा हात चोळू लागला. त्या दिवशी मूठ उघडली नाही. पण महादेवरावांनी ती ओढूनही घेतली नाही.

पुढं वर्षाली दर आठवड्याला जाऊ लागली. व्यायामही सुरू झाला. महिने लागले, तेव्हा कुठं अंगठा सैल झाला आणि मग करंगळी. बाकीची बोटं अजून अडून बसली आहेत. बोलणं मात्र सुटलं आहे, आणि त्यातलं निम्मं धम्मदीपशी भांडण्यात जातं. शेजारी कोणी विचारलं की धम्मदीप आता सांगतो, "माही पोरगी वासानं माणसं जागी करते."

मागच्या आठवड्यात वर्षाली नागपूरला गेली होती. धम्मदीपनं मला स्वतः पिशवीत घातलं, वर बाटली ठेवली आणि बाजारचौक ओलांडून पायी निघाला.

"आज पोरगी नाई आली?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"आज मीच," तो म्हणाला. त्यानं माझ्यात पाणी घातलं, फडकं पसरलं, आच अगदी बारीक केली. आणि मित्रांनो, तो माझ्यापासून हलला नाही. पाण्यावर डोळे ठेवून तसाच उभा राहिला. आतून हाक आली, "कंडक्टर, गाडी... सुटली का?" तो म्हणाला, "थांब, डायवर. घाई नाई."

मित्रांनो, मी जुनं भांडं आहे, उपदेश करायचा माझा अधिकार मोठा नाही. तरी एक मागणं मागतो. तुमच्या घराजवळही कोणीतरी असेल, ज्याच्याकडं जायचं राहून गेलं आहे. तो आधी येईल म्हणून वाट बघू नका. पायांत चपला घाला आणि निघा. आत जायचं धाडस झालं नाही, तर ओट्यावर बसा. पण परत फिरू नका.