दहाच्या दहा बरोबर

वाचनालयाच्या वर्धापनदिनानिमित्त ग्रंथपालांनी स्पर्धा ठेवली : जगातली प्रसिद्ध ठिकाणं ओळखा. कोडी त्यांनी स्वतः हौसेनं रचली. ‘घंटा वाजवायला जन्मलो, पण सरळ उभं राहायला शिकलोच नाही!’ ‘अंग सिंहाचं, तोंड माणसाचं, नाक मात्र गेलं कुठे?’

पंचाऐंशी चिठ्ठ्या आल्या. डॉक्टर, प्राध्यापक सात-आठावर अडकले, वकील नवावर. दहाच्या दहा बरोबर एकच चिठ्ठी होती, वाकड्यातिकड्या अक्षरातली. ती झाडलोट करणाऱ्या मावशींची!

ग्रंथपालांच्या कपाळावर आठ्या पडल्या. उत्तरांचा कागद त्यांच्या खणात होता आणि टेबल रोज मावशीच पुसायच्या.

बक्षीस समारंभात, भरल्या सभेत त्यांनी विचारलं, “मावशी, माझ्या खणाला कुलूप नव्हतं, नाही का?”

लोक हसले. मावशींचा चेहरा उतरला.

“मी चोरी केली म्हणता, साहेब?”

“तसं कुठे म्हणालो? पण असले मनोरे, पुतळे तुम्हाला कसे ठाऊक असणार?”

मावशी सभेतून निघून गेल्या. बक्षीस वकिलांना मिळालं.

घरी ग्रंथपालांनी हे बायकोला रंगवून सांगितलं. तिनं विचारलं, “खणातला कागद हललेला होता का?”

“तसं काही दिसलं नाही.”

“वकिलांची दहा बरोबर आली असती, तर खण आठवला असता तुम्हाला?”

ग्रंथपालांनी तोंड फिरवलं.

“अहो, तुम्ही उत्तरं तपासलीच नाहीत. माणूस तपासलात!”

दुसऱ्या दिवशी ते मावशींच्या खोलीवर गेले. मावशींनी त्यांना बसा म्हटलं नाही.

“चित्रांच्या त्या जाड पुस्तकांवरची धूळ अकरा वर्षं मी झटकतेय,” त्या म्हणाल्या. “रोज एक पान अक्षराला अक्षर लावून वाचायचं आणि कपाट बंद करायचं. घरी कसं नेणार? झाडणाऱ्यांना सभासद करत नाहीत ना!”

तो नियम ग्रंथपालांनीच लिहिला होता.

“मावशी, सगळ्यांसमोर नवी कोडी घालतो. तुम्ही सोडवा, लोकांची तोंडं बंद होतील.”

“चुकलात तुम्ही, आणि परीक्षा मी का द्यायची?”

केवढं खरं होतं ते!

पुढच्या रविवारी त्यांनी त्याच लोकांना बोलावलं. मावशीही आल्या, दाराशीच उभ्या राहिल्या. ग्रंथपाल हात जोडून म्हणाले, “मावशींनी काहीही चोरलं नव्हतं. मी मात्र त्यांचा मान घालवला. मावशी, मला क्षमा करा.” वकिलांनी आपण होऊन बक्षीस मावशींच्या हाती दिलं. तो नियमही त्याच दिवशी रद्द झाला.

मावशी सभासद झाल्या, पण कामावर परतल्या नाहीत. “दुसरीकडे काम धरलंय. इथे आता वाचायला येईन.” त्या येतात, तेव्हा कोपऱ्यात कुणीतरी अजूनही कुजबुजतं, आणि ग्रंथपालांची मान खाली जाते.

मित्रहो, माफी मागता येते, पण एकदा घेतलेला आळ पुरता पुसता येत नाही. म्हणून कुणावर संशय घेण्याआधी स्वतःला एकच विचारा : समोर बडा माणूस असता, तर मी हेच बोललो असतो का?